तुमले लेवाले उनू

आमच्या अहिराणीत 'तुम्ही' म्हणजे एकाहून जास्त माणसं. एका माणसाला, मग तो बाप असो, पाटील असो की देव्हाऱ्यातला देव असो, 'तू'च म्हणायचं. "माय, तू जेवनी का?" "बा, तू कथा जाई ऱ्हायना?" यात उद्धटपणा नाही आणि लाडही नाही. ती आमची बोलायची रीत. पुण्याच्या कॉलेजात जाईपर्यंत त्यात काही वेगळं आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मराठीच्या प्राध्यापकांनी वर्गात मला काही विचारलं. मी ताडकन उभा राहिलो आणि मोठ्या आदराने म्हणालो, "सर, तू मघाशी सांगितलं तेच." सगळी बाकं वाजू लागली. प्राध्यापक तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठले तुम्ही?" मी म्हणालो, "पश्चिम खानदेश. शहाद्याजवळचा." "बसा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी 'तुम्ही'चा सराव सुरू केला. खानावळीतल्या वाढप्याला तुम्ही, न्हाव्याला तुम्ही, टपाल आणणाऱ्याला तुम्ही. खोलीत शिरलेल्या मांजरालाही एकदा 'बाहेर व्हा' म्हणालो. बी. ए. होईपर्यंत ही सवय अंगात इतकी मुरली, की सुट्टीत घरी आलो तेव्हा गोठ्यात बैलाला 'जरा सरका' म्हणू लागलो. माय शेण भरता भरता थांबायची आणि म्हणायची, "एकच बैल शे रे भाऊ, दोन नहीत."

आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी शहाद्याला शिकायला राहिलो तो एका मारवाडी दुकानदाराच्या ओट्यावर. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजी स्वतः राजस्थानातून लग्न होऊन आलेल्या, त्यांना माझं बोलणं अर्धंच कळायचं, पण रोज माझ्या ताटात पोळी जास्त पडायची. आणि घरी माझ्या वाटणीची गुरं राखली ती माझ्या मोठ्या बहिणीने. मी तिला जिजी म्हणतो. मला शाळेत जाता यावं म्हणून ती रानात गेली, आणि रानात गुरांमागे फिरता फिरता गायला शिकली. तिचा आवाज आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होता.

बी. ए.चा निकाल लागला तेव्हा त्याच प्राध्यापकांनी मला घरी बोलावून चहा दिला. म्हणाले, "तुम्ही मला 'तू' म्हणाला होतात त्या बोलीत बायका गाणी म्हणतात का हो?"

"म्हणतात ना सर! आखाजीला तर..."

"म्हणून दाखवा एखादं."

मी तोंड उघडलं आणि दोन ओळींच्या पुढे काही आठवेना. चार वर्षं जी बोली मी जिभेखाली दाबून ठेवली होती, ती आता हाक मारली तरी येईना.

"मग जा आणि नीट ऐका," ते म्हणाले. "ऐकून या आणि मला ऐकवा."

मी त्यांच्या घरून निघालो तो जवळजवळ धावतच. आपल्या घरातली गोष्ट कोणी इतक्या आवडीने मागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आखाजी महिन्यावर आली होती.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खानदेशात सासुरवाशिणींचा याहून मोठा सण नाही. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ती गाणी कोणीही, केव्हाही म्हणून दाखवील. पण गोमाईच्या काठी आमच्या गावात आखाजीची आणखी एक गंमत होती. दुपार कलली की आमच्या गावच्या लेकी नदीच्या वाळूत अल्याड उभ्या राहायच्या आणि समोरच्या गावच्या लेकी पल्याड. मधे वैशाखातला बारीकसा ओहोळ. मग दोन्ही काठ एकमेकांना गाण्यातून शिव्या द्यायचे. अगदी नाव घेऊन, घर काढून, स्वयंपाकापासून नाकापर्यंत. प्रत्येक बाई उभी राहायची ती आपल्या माहेरच्या काठावर, सासरच्या नाही. सूर्य टेकला की दोन्हीकडच्या बायका त्याच ओहोळात तोंड धुवायच्या. तोंड धुतलं की त्या दिवशीच्या शब्दाचा राग कोणी घरी न्यायचा नाही.

मला हवी होती ती ही गाणी. माझी फुई, म्हणजे वडिलांची बहीण, आमच्याकडेच राहायची आणि अल्याडच्या काठावर वर्षानुवर्षं पुढे उभी राहायची. घरी पोचल्याच्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"फुई, नदीवरचं एखादं गाणं म्हणा ना."

"म्हना? मी एकलीच शे. आखो कोनले बलावू?"

"बरं, म्हन ना."

"आते? चैतमा? आनि गाया कोनले देऊ, तुले?"

"माले दे." गाया म्हणजे शिव्या.

"तू बी. ए. व्हयेल शे. तुले गाया दिध्यात तर तुन्ही माय माले घरमाईन काढी दी." ती मिशीत हसल्यासारखी हसली. तिला खरंच थोडी मिशी होती, आणि पल्याडच्यांनी त्यावर गाणं रचलेलं होतं. "समोर कोनी लागस रे. समोर कोनी ऱ्हायनं तवय तोंडमा सबद येस. आनि गानं ऐकनं व्हई तर मन्ह्याकडे कसाले बठना? तुन्ही बहीनले लई ये. ती नही तर आमना काठ मुका शे."

हे खरं होतं आणि तेच घरातलं दुखणं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला जिजी माहेरी आली होती. तेव्हा ती काठावर उभी राहून गायली:

पल्याडना गावले वेस नही वं,
कुत्रं बी तठे बठस नही वं.

अल्याडचा काठ हसून हसून वाळूत लोळला. पण पल्याडचं ते गाव जिजीच्या सासूचं माहेर होतं. गाणं कोणीतरी सासूच्या कानापर्यंत पोचवलं. सासू स्वतः काठावर नव्हती, तोंड धुवायच्या वेळी ओहोळाशी नव्हती, म्हणून तिच्या मनातला राग धुतलाही गेला नाही. पुढच्या वर्षी वडील जिजीला आणायला गेले तर सासूने त्यांना ओसरीतूनच परत लावलं. "मन्हा माहेरमा कुत्रं बी बठस नही म्हने! मंग मन्ही सून बी तठे जावाव नही." त्यानंतर दर वर्षी तेच. लेकीला आणायला जो जातो त्याला 'मूळ' म्हणतात, आमच्या बोलीत 'मूय'. वडील दर आखाजीला मूय म्हणून गेले आणि रिकामी गाडी घेऊन परत आले.

"यंदा मी जातो," मी म्हणालो.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकेल शे," एवढंच म्हणाले. त्यात आशा होती की काळजी, ते मला कळलं नाही.

मायने सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला. जिजीचं सासर सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर. वाटभर मी बैलांना ऐकवत भाषणाची तयारी केली. 'मावशी, आपला राग रास्त आहे, तथापि सणाचे महत्त्व लक्षात घेता' असं काहीतरी मोठं थोरलं वाक्य मी जुळवलं होतं. बहिणीच्या सासूला मी मावशी म्हणायचो.

पोचलो तेव्हा मावशी ओसरीत तूर पाखडत बसल्या होत्या. जिजीचे सासरे, मामंजी, खाटेवर आडवे होते. माझ्या गाडीची घुंगरं ऐकून जिजी डोक्यावर हंडा घेऊन तशीच मागच्या दाराने धावत आली आणि सासूच्या मागे उभी राहिली. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते पाहून माझं 'तथापि' कुठे गेलं ते मला समजलं नाही.

"कसा शे रे भाऊ?" जिजी म्हणाली.

मी जिजीकडे बघून, पुण्याची सवय आणि घरची बोली एकत्र करून म्हणालो, "मी तुमले लेवाले उनू."

म्हणजे मला म्हणायचं होतं, तुला न्यायला आलो. पण आदराने.

सूप थांबलं. मावशींनी वर पाहिलं. "काय म्हनना?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी मोठ्याने सांगितलं, "आखाजीले तुमले लेवाले उनू."

"आमले?" मावशी म्हणाल्या. "दोन्हीस्ले?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. मावशींच्या मागे उभी असलेली जिजी डोक्यावरचा हंडा सांभाळत इतक्या जोराने मान हलवू लागली, की अर्धं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं. मी तोंड मिटलं.

मावशी सुपातल्या तुरीकडे बघत होत्या. "मन्हा भाऊ गया तवयथून मन्हा दारवर मूय नही उना," त्या म्हणाल्या. मला नाही, सुपाला सांगितल्यासारख्या. मग त्यांनी मांडी झटकली, उठल्या आणि म्हणाल्या, "बठ. पानी पे." आत गेल्या. आतून लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मामंजी खाटेवर उठून बसले. "तू बी जाई ऱ्हायनी? मंग भाकर कोन करी?"

"आखाजीले भाकर कोन खास?" आतून आवाज आला. "शेजारीन पुरनपोई देई तुले. दात शेत ना अजून?"

जिजी हंडा उतरवण्याचं निमित्त करून माझ्याजवळ आली. "भाऊ, एक सबद बोलू नको," ती कुजबुजली. "तू तोंड उघाडं तर मी आठेच ऱ्हाई जासू." तिने ओल्या हाताने माझं मनगट करकचून धरलं होतं. ती किती वर्षं या एका दिवसाची वाट बघत होती हे मला त्या हातावरून समजलं.

मी तोंड उघडलं नाही. बैल जुंपले.

गाडीत दोघी मागे बसल्या. मावशींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, घड्या मोडलेल्याही नव्हत्या. गावाची शीव ओलांडली. मग मावशींनी विचारलं, "तू कोनता काठवर उभी ऱ्हाशी?"

"अल्याड," जिजी म्हणाली.

"आनि मी?"

"पल्याड."

"हां." गाडी बरीच वाट खडखडत गेली. "याद राख. आखाजी झाये म्हंजे तुले मन्हाच घरमा येवानं शे."

जिजीने पदर पुढे ओढला. मी बैलांवर लक्ष असल्याचा आव आणला आणि घाबरल्यामुळे जास्तच सभ्य झालो. "चला, जरा सरका, डावीकडून चला," मी डाव्या बैलाला म्हणालो. मागून मावशींचा खोकल्यासारखा आवाज आला. मला तो खोकलाच वाटला.

मावशींचं माहेर आधी लागायचं. मला खरी धास्ती तिथली होती. भाऊ गेलेला, भाचे कधी न्यायला न आलेले, आणि मी आगंतुकासारखी त्यांची आत्या त्यांच्या दारात आणून उभी करणार. गाडी थांबली. दारात एक म्हातारी बाई शेंगा फोडत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं, शेंगा तशाच टाकल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "ओ माय! हाई ते आमनी बाई उनी!" मग दारं उघडली, पोरं धावली, कोणी पायावर पाणी घालायला तांब्या आणला, कोणी रडू लागलं आणि रडता रडता हसू लागलं. मावशी त्या घोळक्यात दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने परत गाडीशी आल्या, चेहरा ओला. वाटभर मला 'पोऱ्या' म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "जाय आते, भाऊ."

मी खुशीत गाडी नदीत घातली. पण अल्याड चढताना जिजी म्हणाली, "मी गावाव नही, भाऊ. नुसती बठसू."

"काबर?"

"आयकं नही का? तिन्हाच घरमा जावानं शे माले."

म्हणजे मी जिजीला आणलं, आणि तिच्या तोंडावरचं झाकणही त्याच गाडीतून आणलं. आणि माझ्या एका 'तुमले'मुळे.

आखाजीच्या सकाळी घरात घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवला, पितरांना जेवू घातलं. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. झोक्यावर पोरी उंच उंच जात होत्या. जिजीही झोक्यावर बसली, गौराईची दोन गाणी म्हणाली, पण तिचं लक्ष नदीकडे होतं. दुपार उतरली तशी फुईने डोक्यावरून पदर घट्ट खोचला आणि गल्लीत हाक दिली. सगळ्या बायका निघाल्या. जिजी मागे मागे.

पुरुषांनी वाळूत उतरायचं नाही अशी रीत होती. ते दरडीवरच्या बाभळींखाली बसून ऐकायचे. बहिणीला आणणाऱ्याने मात्र गाडीशी उभं राहिलेलं चालायचं. मी खाली वाळूत गाडी सोडून तिच्या दांडीला टेकून उभा राहिलो. खिशात कागद होता, पेन्सिल होती. मनात म्हटलं, जिजी गाणार नसली तरी बाकीचं मिळेल.

फुईने सुरुवात केली:

पल्याडन्या बायास्नी भाकर करपनी वं,
धूर उना आठे, नदी कायी व्हयनी वं.

पल्याडून लगेच उत्तर आलं:

अल्याडन्या पोरीस्ले पव्हाले ना ये वं,
कोल्ली नदीमा बी बुडी गयात वं.

कोरड्या नदीत बुडाल्या! दरडीवरचे म्हातारे मांड्या थोपटू लागले. मी कागद काढला. एक ओळ लिहीपर्यंत चार ओळी होऊन गेल्या. या काठाचं गाणं त्या काठावर पोचायच्या आत तिकडच्या बायका त्याला उलटं करून परत फेकत होत्या, तोच सूर, तेच शब्द, फक्त टोक आमच्याकडे. लहानपणापासून मी हे ऐकत होतो आणि मला वाटायचं, ही गाणी जुनी आहेत, बायकांना पाठ आहेत. आज मला दिसलं की ती माझ्या डोळ्यांसमोर, वाळूत उभ्या उभ्या होत होती. कागद कधी हातातून पडला ते कळलंही नाही.

फुईचा आवाज चिरकू लागला होता. पल्याडचा काठ चढत होता. आणि मग त्यांच्या पुढच्या रांगेत हिरवं लुगडं आलं. मावशींनी निऱ्या वर खोचल्या होत्या, एक हात कानावर. त्यांनी सूर लावला तो पुराच्या तापीत नावाड्याने घातलेल्या हाकेसारखा. इतक्या वर्षांत हा आवाज त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे!

मन्ही सूनना हात भलता मोठा वं,
दायमा मिठाना सांडना पोता वं.

डाळीत मिठाचं पोतं सांडलं! पल्याड टाळ्यांचा कडकडाट झाला. अल्याडच्या साऱ्या माना वळल्या. नाव काढलं की उत्तर त्याच बाईने द्यायचं, दुसऱ्या कोणी नाही. जिजी मागे गुडघ्यात मान घालून बसली होती.

"ऊठ वं!" फुई म्हणाली.

"नही, फुई."

"अल्याडनी इज्जत जाई ऱ्हायनी, ऊठ!"

"जाऊ दे."

पल्याडून कोणी ओरडलं, "कुत्रं बठनं वाटतं अल्याड!" पुन्हा हशा. मला गाडीचं जू उचलून नदीत फेकावंसं वाटलं. तेवढ्यात हिरवं लुगडं ओहोळाच्या अगदी कडेला आलं. गाणं नाही, साधं ओरडून बोलणं:

"काय वं, मुकी व्हई गयी का? मी आठे तुन्ही सासू नही शे! पल्याडनी आंडेर शे मी! आंडेरले आंडेरनी जबाब द्यावाना! बोल!"

आंडेर म्हणजे लेक. लेकीने लेकीला जबाब द्यायचा.

जिजीने मान वर केली. मग उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि चालत ओहोळापर्यंत गेली. दोघींच्या मधे आता पाण्याची एक बारीक रेघ होती. जिजी गायली:

सासूबाईनी जीभ पहिलेच खारी वं,
दाय बिचारी मन्ही गोडच सारी वं!

अल्याडचा काठ फुटला! फुई तर उड्या मारू लागली. दरडीवर टोप्या उडाल्या. मी मावशींकडे बघत होतो. त्यांनी कानावरचा हात काढून कमरेवर ठेवला आणि पोट धरून हसल्या, इतक्या की मागच्या बाईने त्यांना धरलं. मग लगेच सावरून पुन्हा हात कानावर:

अल्याडना भाऊ पुनाथून उना वं,
बैलले म्हने, 'जरा सरका ना' वं!

गाडीतला तो खोकला नव्हताच! दोन्ही काठ माझ्याकडे बघून हसत होते. दरडीवरून वडिलांचंही हसू ऐकू आलं. मी लाजलो आणि त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी गाण्यात गेलो होतो! कॉलेजने मला पदवी दिली होती, पण गोमाईच्या वाळूने मला एक अख्खी ओळ दिली.

जिजी आता थांबणारी नव्हती. तिचे डोळे चमकत होते, पदर खांद्यावर पडला होता. माझी बाजू घेऊन तिने तत्काळ उलटवलं:

बैलले बी 'तुम्ही' म्हनस भाऊ मन्हा वं,
म्हनीसनी गाडीमा आखो कोन उना वं?

म्हणजे, माझा भाऊ बैलालाही तुम्ही म्हणतो, म्हणून तर गाडीत आणखी कोण आलं?

ओळ संपली आणि जिजीचा हात आपोआप तोंडावर गेला. गाण्याच्या भरात ती ते बोलून गेली होती. दोन्ही काठांना त्यातलं काही समजलं नाही. काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या. समजलं ते फक्त आम्हा तिघांना. चुकून बोलावलेली पाहुणी, तिच्याच माहेरच्या काठावर, तिच्या सगळ्या माणसांसमोर. आता जिजीला पुन्हा कधी आखाजी दिसणार नाही असं माझ्या मनात आलं.

मावशींनी जिजीकडे पाहिलं, मग लांबून माझ्याकडे. हात हळूच कानाकडे नेला. या वेळी आवाज चढवला नाही. तरी सगळा काठ शांत झाल्यामुळे प्रत्येक शब्द ऐकू आला:

चुकीसनी का व्हईना, मूय उना वं,
माहेरना रस्ता माले गवसना वं.

चुकून का होईना, मूळ आलं. माहेरचा रस्ता मला सापडला.

पल्याडच्या बायकांनी ती ओळ उचलली. चुकणं काय, मूळ कोणाचं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण त्यांतल्या प्रत्येकीला ती ओळ आपली वाटली असावी. मग आमच्या काठाने उचलली. फुईने, जिजीने, सगळ्यांनी. असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणतात, दोन्ही काठ एकच ओळ गात होते. मी कधी गाडीच्या जुवावर चढून उभा राहिलो होतो कुणास ठाऊक. गळा फाडून मीही गात होतो, आणि माझ्या तोंडून निघत होती ती स्वच्छ अहिराणी.

सूर्य बाभळींच्या मागे गेला. बायका ओहोळाशी वाकल्या. जिजी आणि मावशी समोरासमोर, मधे तीच पाण्याची रेघ. दोघींनी ओंजळ भरली, तोंड धुतलं. मावशींनी उरलेलं ओंजळभर पाणी जिजीच्या तोंडावर उडवलं.

सण सरल्यावर मी दोघींना पोचवायला निघालो. दोघींचे आवाज बसले होते. गाडीत बराच वेळ नुसती खरखर चालू होती. मावशी म्हणाल्या, "ती दायनी ओळ परत म्हन वं."

जिजीने घोगऱ्या आवाजात म्हटली. मावशींनी मागून म्हटली. मग मावशींनी आपली म्हटली आणि जिजीने ती उचलली. असं करत करत सगळं गाणं पहिल्यापासून झालं. मी बैलांना हाकत ऐकत होतो आणि या वेळी मला कागदाची गरज पडली नाही. पुढे पुण्याला गेलो तेव्हा प्राध्यापकांना मी ते सबंध म्हणून दाखवलं. मिठाच्या पोत्याला ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या.

जिजीच्या सासरी गाडी थांबली. मामंजी दारात उभे होते, बारीक दिसत होते. जिजी आत गेली. मावशी उतरताना माझ्या खांद्याला धरून जरा थांबल्या.

"माले तवयच समजनं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "शिकेल मानूस एकले बी तुमले म्हनस. तलाठी बी म्हनस. माले काय माहीत नही?"

"मग मावशी, तू..." मी अडखळलो. तोंडातून 'तू' आलं होतं आणि ते मागे घ्यावं असं मला वाटलं नाही. "मग तू उठनी कशी?"

"कोनी तर म्हननं ना," मावशी म्हणाल्या. "तू म्हनना, मी उठनू."

त्या पायरी चढल्या, तिथून वळल्या आणि आपल्या बसलेल्या आवाजात मला बजावलं:

"पुढला वरीस बी तसंच म्हनजो. तुमले."